मुक्काम बदलला, पासिंग कुणाचे?

उमरगा तालुक्यातल्या एखाद्या लग्नाच्या मांडवाबाहेर लागलेल्या गाड्यांचे नंबर वाचत गेले तर एमएच २५, एमएच २४, एमएच १३ यांच्या बरोबरीने केए ३२ आणि केए ३८ दिसतात, हैदराबादकडची मंडळी आली असली तर टीएस नाहीतर टीजीही दिसतो. पाहुणे म्हणून आलेल्या या गाड्यांविषयी कुणाची काही तक्रार नाही. प्रश्न उभा राहतो तो पाहुणी गाडी मुक्कामाला राहिली की. बिदरला घेतलेली गाडी उमरग्यात वर्ष-दीड वर्ष राहिली, बेंगळुरूची नोकरी सोडून पोरगा गाडीसकट तुळजापूरला परतला, किंवा दिल्लीच्या बाजारातून स्वस्तात घेतलेली मोटार कळंबला आली, तर तिचा नंबर बदलायचा का, कधी बदलायचा, आणि एकदा पंधरा वर्षांचा कर भरलेला असताना तो पुन्हा का भरायचा? परदेशातून गाडी आणायची तर या प्रश्नांत सीमाशुल्काची आणि बंदराची भर पडते. गेल्या काही वर्षांत केंद्राने नियम बदलले, न्यायालयांनी निकाल दिले, राज्यांनी दर वाढवले. त्या सगळ्याचा हा आढावा, धाराशिव जिल्ह्याच्या जागेवरून घेतलेला.

सरहद्द इथल्या अंगवळणी पडलेली

या जिल्ह्याला सीमेवरचा कर नवा नाही. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि शेजारचे सोलापूर, बार्शी इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात. संस्थानाचे नाणे हाली सिक्का, इलाख्याचे कळदार. माल इकडून तिकडे न्यायचा तर करोडगिरीच्या नाक्यावर जकात मोजावी लागे. १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला, आणि सोलापूरच्या बाजूची सीमा पुसली गेली. बिदर आणि गुलबर्गा मात्र त्याच १९५६ मध्ये तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेले. त्याआधी एकाच संस्थानातले हे जिल्हे. सोयरिकी, शेती, बाजारहाट दोन्हीकडे पसरलेली होती आणि आजही आहे. त्यामुळे गाडीच्या मुक्कामाचा प्रश्न पुण्या-मुंबईत नोकरीतल्या बदलीपुरता असतो, तर इथे तो रोजच्या येण्याजाण्याचा आहे.

कायदा काय सांगतो

आजचा आधार म्हणजे १९८८ चा मोटार वाहन कायदा. त्याच्या कलम ४० प्रमाणे मालक जिथे राहतो किंवा जिथे त्याचा धंदा आहे आणि गाडी एरवी जिथे ठेवली जाते, तिथे नोंदणी करायची. २०१९ च्या दुरुस्तीने यात ढिलाई आली. आता राज्यातल्या कुठल्याही नोंदणी कार्यालयात गाडी नोंदवता येते. म्हणून एमएच २५ ची गाडी पुण्यात कितीही वर्षे फिरली तरी नंबर बदलण्याचा प्रश्न येत नाही. कलम ४६ म्हणते की एका राज्यात झालेली नोंदणी देशभर चालते. लगेच पुढचे कलम ४७ त्याला मर्यादा घालते. गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर तिथला नवा नंबर घेतला पाहिजे.

म्हणजे कायद्याने वर्षभराची मुभा दिलेली आहे. इथेच पुष्कळांचा घोटाळा होतो. नंबर बदलण्याची मुदत बारा महिन्यांची आहे, पण पत्ता बदलल्याचे कळवण्याची मुदत कलम ४९ प्रमाणे ३० दिवसांची आहे. कर कधीपासून लागतो हे तर तिसरेच प्रकरण, कारण ते प्रत्येक राज्याच्या स्वतःच्या कर कायद्यावर ठरते. रस्त्यात अडवलेला माणूस बारा महिन्यांचे कलम दाखवतो, अडवणारा कराचे कलम दाखवतो, आणि दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात.

या गुंत्याचे मूळ राज्यघटनेत आहे. वाहनांवर कर बसवण्याचा अधिकार राज्यसूचीतल्या नोंद ५७ ने राज्यांना दिला. त्या कराची तत्त्वे ठरवण्याचा अधिकार समवर्ती सूचीतल्या नोंद ३५ मध्ये आहे, म्हणजे तिथे संसदही कायदा करू शकते. नोंदणीचे नियम दिल्लीत होतात आणि कर मुंबईत, बेंगळुरूत, हैदराबादेत ठरतो. सध्याचा सगळा वाद या दोन नोंदींच्या मधल्या जागेत चाललेला आहे.

एनओसीपासून नव्या नंबरापर्यंत

प्रत्यक्षात काम असे चालते. पहिल्यांदा जुन्या आरटीओकडून ना-हरकत प्रमाणपत्र, म्हणजे एनओसी, घ्यायचे. त्याचा नमुना २८. गाडीवर कर्जाचा बोजा असेल तर बँकेची संमती लागते. गाडी चोरीच्या गुन्ह्यातली नाही याची पोलिसांकडून खात्री व्हावी लागते, थकलेले चलान भरून टाकावे लागतात. कलम ४८ मालकाच्या बाजूने एक भक्कम तरतूद करते. अर्ज दिल्यापासून ३० दिवसांत कार्यालयाने होकार किंवा नकार कळवला नाही तर एनओसी दिली असे समजले जाते. ही तरतूद अर्जदारांना माहीत नसते, आणि माहीत असली तरी नव्या कार्यालयात कागद हातात असल्याशिवाय फाइल पुढे सरकत नाही.

मग धाराशिवच्या उपप्रादेशिक परिवहन कार्यालयात नमुना २७ चा अर्ज. सोबत मूळ आरसी, विमा, पीयूसी, इथल्या पत्त्याचा पुरावा. गाडी विकत घेतलेली असेल तर हस्तांतरणाचे २९ आणि ३० नंबरचे फॉर्म वेगळे. त्यानंतर गाडी तपासणीला न्यायची. इथे एक जुनी पद्धत अजून टिकून आहे, पेन्सिल प्रिंट. चेसिसवर कोरलेल्या सतरा अक्षर-अंकांवर पातळ कागद धरायचा आणि त्यावरून पेन्सिल आडवी घासत न्यायची, म्हणजे नंबर कागदावर उमटतो. कुठल्या गाडीचा तो पुढच्या सीटखाली असतो, कुठल्या गाडीचा बॉनेटच्या आत. वर्षानुवर्षे शेतरस्त्यावर चाललेल्या गाडीचे अंक धुळीने आणि गंजाने बुजलेले असतात. आधी पॉलिश पेपर मारून ते उघडे करावे लागतात, आणि एवढे करूनही एखादा आठ तीनासारखा उमटला तर प्रिंट पुन्हा काढावी लागते. मोटार वाहन निरीक्षक हा कागद, आरसी आणि संगणकावरची नोंद ताडून पाहतो. गाडी चोरीची आहे की नाही याची खरी परीक्षा या कागदाच्या चिठोऱ्यावर होते, म्हणून ही पद्धत मोडीत काढा असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही.

कर भरला की नवा नंबर मिळतो. पण त्याने काम संपत नाही. नव्या नंबराची हाय सिक्युरिटी प्लेट, विम्याच्या पॉलिसीत दुरुस्ती, नवा फास्टॅग ही पाठोपाठची कामे राहतात. विम्यातली दुरुस्ती राहून गेली आणि मध्येच अपघात झाला तर दाव्याच्या वेळी कागदांची जुळवाजुळव फार जड जाते.

कराचा पेच

आता मूळ दुखण्याकडे. महाराष्ट्रात वैयक्तिक मालकीच्या पेट्रोल मोटारीवर किमतीच्या ११ ते १३ टक्के एकरकमी कर आहे, डिझेलवर १३ ते १५ टक्के. कर्नाटकात तो १३ टक्क्यांपासून १८ टक्क्यांपर्यंत चढतो, वर उपकर वेगळा. आठ लाखांची पेट्रोल गाडी धरली तर महाराष्ट्रात ८८ हजार, कर्नाटकात उपकर सोडून १ लाख १२ हजार. म्हणजे बिदरहून उमरग्याला आलेला माणूस इथल्यापेक्षा जास्त कर आधीच भरून आलेला असतो. तरीही नवा नंबर घेताना त्याला गाडीच्या वयाप्रमाणे घटवलेला महाराष्ट्राचा कर भरावा लागतो.

मग कर्नाटकाकडे उरलेल्या वर्षांचा जो कर पडून आहे, त्याचे काय? परताव्याची सोय दोन्ही राज्यांत आहे. उरलेल्या वर्षांच्या प्रमाणात पैसे परत मिळतात. मात्र त्यासाठी आधी इथे कर भरायचा, नवी आरसी मिळवायची, मग ती घेऊन जुन्या कार्यालयात परताव्याचा अर्ज टाकायचा. नोकरी सोडून दुसऱ्या राज्यात आलेल्या माणसाने रजा काढून मागे जावे किंवा एजंटाला पैसे द्यावेत, एवढाच मार्ग उरतो. परतावा लहान असेल तर अनेकजण त्याचा नाद सोडतात.

राज्यांची बाजूही नीट ऐकायला हवी. २०१७ मध्ये जीएसटी आल्यानंतर राज्यांच्या हातात स्वतःचे म्हणावेत असे कर थोडेच उरले: इंधनावरचा व्हॅट, मद्यावरचे उत्पादन शुल्क, मुद्रांक शुल्क आणि वाहन कर. रस्ता राज्याने बांधायचा, अपघातात रुग्णवाहिका राज्याने पाठवायची, वाहतूक पोलीस राज्याने नेमायचे आणि कर मात्र शेजाऱ्याने घ्यायचा, हे चालणार नाही असे परिवहन खात्यांचे म्हणणे आहे. कमी कराच्या प्रदेशात कागदोपत्री पत्ता दाखवून महागड्या गाड्या नोंदवण्याचे प्रकार पुद्दुचेरीबाबत गाजलेले आहेत. महाराष्ट्राने एकरकमी कराला वीस लाखांची कमाल मर्यादा ठेवली होती, ती २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात तीस लाखांवर नेली. मर्यादा काढून टाकली तर अशा गाड्या बाहेर नोंदवल्या जातील, हा हिशेब त्यामागे असणार.

न्यायालयांनी आतापर्यंत मधली वाट धरली आहे. कर्नाटकाने २०१४ मध्ये कायदा बदलून बाहेरची गाडी ३० दिवसांहून जास्त राहिली की आयुष्यभराचा कर लावायचे ठरवले. २०१६ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ती दुरुस्ती रद्द केली. केंद्राचा कायदा बारा महिने देतो आणि राज्य तीसच दिवस, ही विसंगती त्या वादाच्या मुळाशी होती. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विशाखापट्टणमच्या पोलाद कारखान्याच्या आवारात चालणाऱ्या गाड्यांच्या प्रकरणात सांगितले की वाहन कर हा सार्वजनिक रस्त्यांच्या वापराचा मोबदला आहे आणि जी गाडी सार्वजनिक जागी वापरलीच जात नाही तिच्यावर तो लागत नाही. हा निकाल राज्य बदलण्याबद्दलचा नाही. पण कर वापरामागे चालतो हे तत्त्व मान्य केले तर ज्या वर्षांचा वापर कर्नाटकात झालाच नाही त्या वर्षांचे पैसे कर्नाटकाने का ठेवावेत, हा प्रश्न अधिक टोकदार होतो.

माझ्या मते सगळ्या वादाची कळ इथे आहे. नंबर बदलण्याचा लोकांना फारसा त्रास वाटत नाही, पैसे दोनदा अडकण्याचा वाटतो. गाड्यांची नोंद ‘वाहन’ या देशव्यापी संगणक प्रणालीत आहे. कुठली गाडी किती वर्षांची, कर किती आणि कुठे भरला, हे त्यात दिसते. एका खजिन्यातून दुसऱ्या खजिन्यात उरलेला कर वळता करायला तांत्रिक अडचण फारशी दिसत नाही. अडचण आहे ती राज्यांच्या संमतीची.

सीमेवरच्या माणसांचे काय

मुरूम, आळंद, बसवकल्याण, उमरगा या पट्ट्यात घर एका राज्यात आणि शेत किंवा दुकान दुसऱ्या राज्यात असलेली कुटुंबे आहेत. त्यांची गाडी ‘ठेवलेली’ कुठे मानायची? रात्री उभी राहते तिथे की दिवसभर चालते तिथे? कायद्यात ‘ठेवणे’ याची व्याख्या दिलेली नाही. बारा महिने झाले हे खात्याने सिद्ध करायचे की झाले नाहीत हे मालकाने, याबद्दलही रस्त्यावरच्या तपासणीत एकवाक्यता नसते. टोलच्या पावत्या, सर्व्हिसिंगची बिले, आता फास्टॅगच्या नोंदी हे पुरावे म्हणून पुढे केले जातात. पण गावाकडच्या रस्त्यावर टोलनाका नसतो, त्यामुळे मधल्या वाटेने रोज येणाऱ्याजवळ दाखवायला काही नसते. तुळजाभवानीच्या दर्शनाला कर्नाटक-तेलंगणातून येणाऱ्या भाविकांना हा त्रास नाही, त्यांचा मुक्काम एक-दोन दिवसांचा. अडचणीत येतो तो दोन्हीकडे राबणारा शेतकरी आणि छोटा व्यापारी.

यावर सीमाभागासाठी वेगळी सवलत द्यावी असे एक मत आहे. दुसरे मत म्हणते की अशी सवलत दिली की तिच्या आडून सगळेच कर चुकवतील. दोन्ही मतांत तथ्य आहे, आणि दोन्ही बाजूंना सीमेवरच्या तालुक्यांतले नेमके आकडे जमवण्याची गरज आहे.

बीएच मालिका: कुणाची सोय झाली

नोकरीपायी राज्ये बदलणाऱ्यांसाठी केंद्राने ऑगस्ट २०२१ मध्ये भारत मालिका जाहीर केली, ती १५ सप्टेंबरपासून लागू झाली. या नंबरात आधी वर्षाचे दोन अंक, मग बीएच, मग चार अंक आणि शेवटी अक्षरे असतात. राज्य बदलले तरी नंबर तोच. कर एकदम पंधरा वर्षांचा न घेता दोन किंवा दोनच्या पटीत वर्षांचा घेतला जातो. दहा लाखांपर्यंत ८ टक्के, वीस लाखांपर्यंत १०, त्यावर १२ हा पाया, डिझेलला दोन टक्के जास्त, विजेच्या गाडीला दोन टक्के कमी. डिसेंबर २०२२ च्या दुरुस्तीने आधी नोंदलेली गाडीही बीएचमध्ये नेता येऊ लागली.

तत्त्व म्हणून ही व्यवस्था मला सर्वांत न्याय्य वाटते. जिथे राहाल तिथे, राहाल तेवढ्याचाच कर. परंतु पात्रता पाहा: सैन्यदल, केंद्र-राज्य सरकार आणि सार्वजनिक उपक्रमांचे कर्मचारी, आणि चार किंवा अधिक राज्यांत कार्यालये असलेल्या खासगी कंपन्यांतले नोकर. धाराशिवचा जवान किंवा बँक अधिकारी यात बसतो. पुण्यातल्या छोट्या वर्कशॉपमधून हैदराबादेत काम धरणारा परंड्याचा फिटर बसत नाही, आणि मुक्काम तर तोच जास्त वेळा बदलतो. राज्यांनाही ही मालिका मनापासून रुचलेली नाही, कारण एकरकमी मोठी रक्कम हातची जाते. कर्नाटकात खासगी नोकरदारांना बीएच नंबर नाकारला जाऊ लागला तेव्हा २०२२ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाला तो देण्याचा आदेश द्यावा लागला. शिवाय दर दोन वर्षांनी कर भरायची आठवण ठेवावी लागते. चुकला तर दिवसाला शंभर रुपये दंड चढत जातो.

दिल्लीहून आलेल्या गाड्या

राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना बंदी घातली, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. चांगल्या अवस्थेतल्या गाड्या तिथे मातीमोल झाल्या आणि एनओसी घेऊन इतर राज्यांत विकल्या जाऊ लागल्या. मराठवाड्यात गरजेपोटी जुनी डिझेल गाडी घेणाऱ्याला हा सौदा भुरळ घालतो. धोका कागदांत असतो. गाडी तीन हातांतून आलेली, एनओसी पहिल्या मालकाच्या नावावर, मधल्या दोघांनी नाव चढवलेलेच नाही, आणि बोजा उतरवल्याची नोंद अर्धवट. अशी फाइल महिनोन्‌महिने लोंबकळते. पंधरा वर्षे पूर्ण होताना नूतनीकरणाचा खर्चही समोर येतो. एप्रिल २०२२ पासून साध्या मोटारीला त्याचे शुल्क पाच हजार आहे, आणि आयात केलेल्या मोटारीला चाळीस हजार.

परदेशातून गाडी आणायची तर

आखातात, ब्रिटनमध्ये, अमेरिकेत गेलेली जिल्ह्यातली मंडळी परतताना गाडी आणता येईल का, असे विचारतात. उत्तर बहुधा नकाराकडे झुकते. वापरलेली मोटार तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही, ती मुंबई बंदरातूनच यावी लागते, स्टिअरिंग उजवीकडे हवे, वेगदर्शक किलोमीटरमध्ये हवा, दिवे डाव्या बाजूने चालणाऱ्या वाहतुकीला साजेसे हवेत. आखात आणि अमेरिकेत वाहतूक उजवीकडून चालते, म्हणजे तिथल्या गाड्या पहिल्याच फेरीत बाद. ब्रिटनची गाडी चालू शकते, पण तिचा वेगदर्शक मैलांचा. मोटार वाहन कायद्याचे कलम १२० डाव्या स्टिअरिंगच्या गाडीला इशारा देणारे यंत्र असेल तर रस्त्यावर चालवू देते. अडवतो तो आयातीचा नियम. परतणाऱ्यांना घरसामानावर मिळणारी सवलत मोटारीला लागू नाही. वापरलेल्या मोटारीवर दीर्घकाळ तिच्या मूल्याच्या १२५ टक्के मूळ सीमाशुल्क होते, म्हणजे गाडीच्या किमतीपेक्षा शुल्क मोठे. वर महाराष्ट्राचा आयात गाड्यांसाठीचा चढा एकरकमी कर.

पाहुणे म्हणून येणाऱ्या परदेशी गाडीची वाट निराळी. कार्ने नावाचा सीमाशुल्काचा परवाना घेऊन ती सहा महिन्यांपर्यंत शुल्काविना आणता येते, परत नेण्याच्या अटीवर. अशा खासगी गाड्यांसाठी २०२२ मध्ये केंद्राने स्वतंत्र नियमही केले. आरसी इंग्रजीत नसेल तर अधिकृत भाषांतर गाडीत ठेवावे लागते.

बाहेर गेलेल्या मराठी कुटुंबांना उलट बाजूचा अनुभव येतो. न्यू जर्सीहून कॅलिफोर्नियाला गेलेल्याला रहिवासी झाल्यापासून वीस दिवसांत गाडी नोंदवावी लागते, आपल्या बारा महिन्यांपुढे ही मुदत फार कडक आहे. पण दुसऱ्या राज्यात भरलेला विक्रीकर कॅलिफोर्निया वजा करून घेते. टेक्सास नव्या रहिवाशाकडून गाडीमागे नव्वद डॉलरची ठरीव रक्कम घेते आणि विषय मिटवते. मुदत कडक पण पैशाचा हिशेब सोपा, असा तो ढाचा आहे. आपल्याकडे मुदत सैल आणि हिशेब अवघड.

न सुटलेले

तीन गोष्टी सध्या लोंबकळत आहेत. पहिली, नोंद ३५ वापरून संसदेने देशभरासाठी कराची समान तत्त्वे ठरवावीत का. मालकांच्या संघटना आणि वाहन उद्योग हो म्हणतात. राज्यांना तो आपल्या तिजोरीवरचा घाला वाटतो, आणि जीएसटीनंतरची त्यांची भीती अनाठायी नाही. दुसरी, बीएचची पात्रता वाढवून ती सर्वांना खुली करायची का. तशी केली तर राज्यांचे उत्पन्न पंधरा वर्षांत विभागले जाईल आणि सुरुवातीच्या काही वर्षांत मोठी तूट पडेल. ती कुणी भरून काढायची याचे उत्तर कुणी दिलेले नाही. तिसरी, फास्टॅग आणि कॅमेऱ्यांच्या नोंदींवरून गाडीचा मुक्काम ठरवायचा का. कर चुकवणारे त्यात सापडतील. पण टोलसाठी गोळा केलेली माहिती माणसाच्या हालचाली मोजायला वापरण्याचा अधिकार परिवहन खात्याला कुठल्या कायद्याने मिळतो, हा प्रश्न २०१७ च्या खासगीपणाच्या हक्काच्या निकालानंतर टाळता येणारा नाही.

परताव्यापुरते बोलायचे तर दोन शेजारी राज्यांनी करार करून सुरुवात करायला कुणाची आडकाठी नाही. महाराष्ट्र आणि कर्नाटकाने उमरगा-बसवकल्याण, मुरूम-आळंद एवढ्या पट्ट्यापुरता तरी उरलेला कर थेट वळता करण्याचा प्रयोग केला, तर किती गाड्या, किती रक्कम आणि किती गैरवापर याचे खरे आकडे पहिल्यांदा हाती येतील.